सारजाबाईच्या गाडीचा डावा पाय

मित्रांनो, मोटारसायकल दिसली की तुम्ही आधी काय पाहता, हे मला ठाऊक आहे. आधी टाकीचा रंग पाहता, मग आरसे, आणि मग त्या आरशात स्वतःचा भांग. मोठी माणसेही तेच करतात. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना जे दोन पाय खाली उतरलेले असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यांतला डावा पाय म्हणजे मी. गॅरेजवाले मला शॉकअप म्हणतात. उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ आहे. आम्ही दोघे आता जुने झालो आहोत, पण अजून उभे आहोत. कसे उभे राहिलो, ती हकीकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या शरीराचे दोन भाग आहेत. वरचा भाग म्हणजे पोलादाची नळी. तिच्यावर क्रोमचा असा मुलामा चढवला होता की कोणी तिच्यात पाहून दाढी करावी. खालचा भाग जाड, पोकळ आणि राखाडी. नळी त्या पोकळीत खालीवर सरकते. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल असते. खड्डा आला की मी खाली बसतो, तेल मला सावरते, आणि वर बसलेल्या माणसाला वाटते की रस्ता तसा बरा आहे.

या दोन भागांच्या सांध्यावर रबराची एक गोल चकती बसवलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. आतले तेल बाहेर येऊ द्यायचे नाही आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढेच तिचे काम. तिचे ओठ फार नाजूक असतात आणि ते जन्मभर माझ्या नळीला टेकलेले असतात. नळी स्वच्छ आणि गुळगुळीत राहिली तर दोघांचा संसार सुखाचा. पण नळीवर चिखल वाळला, खडा लागून टवका उडाला किंवा गंज धरला, की दर खड्ड्याला ते ओठ किसणीवर घासल्यासारखे सोलून निघतात.

१९९२ सालच्या दसऱ्याला दादासो मला बारामतीहून घेऊन आला. दादासो इंदापूरजवळच्या निरवांगीचा. त्याचे वडील गेणबा, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, त्यांनी अर्धा जन्म मेंढरांमागे काढला होता. आता मेंढरे गेली होती. थोडा ऊस होता, आणि दादासोची बायको सारजा हिने घरामागच्या शेडमध्ये कोंबड्या पाळल्या होत्या. त्या कोंबड्यांची अंडी लासुर्ण्याला आणि इंदापूरला पोहोचवायची म्हणून मोटारसायकल घेतली, असे सारजाचे म्हणणे. दादासोचे म्हणणे वेगळे होते. अंडी हे निमित्त, मोटारसायकल आपल्याला शोभते म्हणून घेतली, असे तो सांगे.

दादासो दिलदार माणूस. पण त्याला एक खोड होती. जगात जे काही चांगले घडे, ते त्याने केलेले असे. पाऊस वेळेवर आला तरी तो मिशीवरून हात फिरवी. कोंबड्यांना दाणा सारजा घाली, शेड ती झाडी, आजारी कोंबडी ती मांडीवर घेऊन बसे. आणि दादासो पारावर बसून सांगे, "आवंदा आपण अंडी काय घातली म्हाईत हाय का? ट्रे कमी पडायला लागलं!"

ऐकणारे हसत. दादासोला वाटे, ते आनंदाने हसतात.

माझ्या गाडीवर त्याचा जीव होता, हे मी नाकारणार नाही. दर रविवारी तो गाडी विहिरीवर नेई. टाकी पुसायला पिवळे मऊ फडके होते. आरशांना ओला कागद होता. सीटला खोबरेल तेल होते. आणि माझ्यासाठी काय होते? माझ्यासाठी होता विहिरीवरच्या मोटारीचा पाइप. दादासो त्याच्या तोंडावर अंगठा दाबून असा फवारा मारी की चिखल निघण्याऐवजी सीलला झाकणाऱ्या धूळटोपीखाली आत घुसे. मग तो गाडी उन्हात लावून जेवायला जाई. माझ्या नळीवर पाण्याचे थेंब तसेच वाळत. माझा भाऊ म्हणे, "आपल्याला फडकं कधी?" मी म्हणे, "टाकी जुनी झाल्यावर."

दुसऱ्या वर्षी साखर कारखाना सुरू झाला आणि रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. रस्त्याची माती मैद्यासारखी बारीक झाली. सकाळी तिच्यावर दव पडे आणि तिचा चिकट लेप माझ्या नळीवर बसे. त्यातच एके दिवशी हायवेवर एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि बरोबर माझ्या नळीला लागला. तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. पण त्या टवक्याच्या कडा ब्लेडसारख्या होत्या. त्या दिवसापासून दर खड्ड्याला सीलचा ओठ कापला जाऊ लागला. आठच दिवसांत मी गळू लागलो.

सारजाने नुकत्याच सारवलेल्या अंगणात तेलाचे काळे थेंब पडू लागले. ते पहिल्यांदा आबांनी पाहिले. ते काठी टेकत आले, खाली वाकले, माझ्या अंगावरून बोट फिरवले आणि वास घेतला.

"दादासो, तुझ्या गाडीच्या डाव्या पायाला पू झालाय."

"पू न्हाय आबा, घाम हाय त्यो. यवढ्या लांबनं पळत आलीया गाडी."

"मंग उजव्या पायाला का न्हाय? त्यो काय बसून आला?"

दादासो टाकी पुसू लागला. सारजा दारातून म्हणाली, "अवं, लासुर्ण्याच्या म्हस्कूतात्यांस्नी एकदा दावा की. त्यांचं गॅरेज तर वाटंवरच हाय."

"मला गाडीतलं समदं कळतं," दादासो म्हणाला. त्याने पाना आणला, जो नट आधीच घट्ट होता तो आणखी घट्ट केला आणि हात झटकले. "झालं बघ. ही अशी चुटकीसरशी कामं असत्यात."

मी त्या दुपारी पुन्हा गळलो.

मित्रांनो, तेल गेलेला शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग. ब्रेक दाबला की गाडी नाक घासायला पाहत असे. खड्ड्यात गेली की वर येऊन तीनदा उड्या मारी. माझा सारा भार उजव्या भावावर पडू लागला आणि तोही सांध्याजवळ ओलसर दिसू लागला. मला फार लाज वाटे. इंदापूरला एसटी स्टँडजवळ मानसिंगची खानावळ होती. तो आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. प्रत्येक अंडे कानाशी हलवून घेणारा कडक माणूस. त्याच्या पायरीपाशी गाडी लावली की मी तिथे डाग पाडी. एकदा तो त्या डागावरून घसरला आणि भाजीच्या पातेल्याला धरून कसाबसा उभा राहिला.

"दादासो, ही गाडी हाय का तेलाचा घाणा?" त्याने विचारले.

"मानसिंगराव, गाडीनं कुठं कमी पडू नये म्हणून मीच तेल जास्त घातलंय," दादासो बिनदिक्कत म्हणाला.

पुढे जे झाले, ते सांगताना मला आजही वाईट वाटते. थंडीचे दिवस होते. सकाळची वेळ. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटीत अंड्यांचे पंधरा ट्रे बांधलेले होते. कालव्याच्या पुलावर एक खड्डा होता, तो दादासोला पाठ होता. पण समोरून उसाची गाडी आली आणि त्याला तो चुकवता आला नाही. मी खाली गेलो तो थेट तळाला आपटलो. दादासोने घाबरून पुढचा ब्रेक दाबला. माझे तेल ओघळून टायरवर आले होते. चाक सरकले.

खाली दादासो, त्याच्यावर आम्ही, आणि आम्हा सर्वांवर पंधरा ट्रे अंडी.

उसाच्या गाडीवाल्याने बैल थांबवले आणि तो धावत आला. दादासोच्या मिशीतून पिवळे बलक ओघळत होते. एक कुत्रे कुठून तरी आले आणि त्याचा कान चाटू लागले. दादासोने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "टाकीला पोचा आलाय का बघा."

टाकीला काही झाले नव्हते. दादासोचा डावा पाय मात्र मोडला होता. इंदापूरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातले आणि दोन महिने खाटेवरून उतरायचे नाही असे सांगितले. आता घरात दोन डावे पाय निकामी झाले. एक खाटेवर, दुसरा अंगणात.

कोंबड्यांना यातले काही कळले नाही. त्या रोजच्यासारख्या अंडी घालत राहिल्या. ट्रे शेडमधून ओसरीवर आले, ओसरीवरून माजघरात, मग दादासोच्या खाटेखाली. त्याला कूस बदलायची भीती वाटू लागली. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी अंड्याचा रस्सा, संध्याकाळी पोळा. शेजाऱ्यांना वाटून झाली. पाचव्या दिवशी सारजा ट्रे घेऊन येताना दिसली की शेजारी दारे लावू लागले. आबा ताटाकडे पाहून म्हणाले, "सारजा, आता मला पंख फुटत्याल गं."

सारजा हसली नाही. कारण त्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून मानसिंगचा निरोप आला होता. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत अंडी आली नाहीत तर तो दुसऱ्याकडून कायमची घेणार होता. खानावळ सुटली तर कोंबड्या विकाव्या लागणार होत्या. एक-एक पिल्लू तिने टोपलीखाली ऊब देऊन वाढवले होते. ती बराच वेळ शेडच्या दाराशी बसून राहिली. मग उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हस्कूतात्यांना निरोप धाडला.

म्हस्कूतात्या स्कूटरवरून आले. कमी बोलणारा, जाड चष्म्याचा माणूस. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. माझ्यापुढे उकिडवे बसले आणि माझ्या नळीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. टवक्यापाशी बोट थांबले. या घरी आल्यापासून मला कोणी इतक्या मायेने हात लावला नव्हता. मी माणूस असतो तर रडलोच असतो. पण मी आधीच रडत होतो.

"दादासो," तात्या खाटेकडे न बघता म्हणाले, "तुझ्या टाकीत तोंड दिसतंय. आन् ह्या नळीला कधी फडकं लावलंस का?"

"पाइपानं धुतो की दर रव्वारी! जोरात!"

"तेच तर. जोराच्या पाण्यानं घाण आत ढकलतोस. सीलच्या तोंडाला ओठ आस्त्यात. खडा लागून टवका उडालाय, त्यानं डावा ओठ फाटलाय. उजव्याचा फाटला न्हाय, निस्ती माती अडकलीया." मग ते सारजाकडे वळले. "ताई, घरात फोटोची निगेटिव्ह हाय का?"

सारजाने पेटीतून लग्नाच्या फोटोंचे पाकीट आणले. खाटेवरून आरोळी आली. "लग्नाची न्हाय! ए, लग्नाची न्हाय!"

"अवं, समदी न्हाय," सारजा निगेटिव्ह उजेडाकडे धरून म्हणाली. "ह्या तुकड्यात तुमच्या चुलत्यांचं जेवतानाचं चार फोटो हायती."

तात्यांनी त्या पट्टीच्या टोकाला कात्रीने बारीकशी खाच पाडली, उजव्या भावाच्या सीलमध्ये ती हळूच सरकवली आणि गोल फिरवली. काळी माती त्या खाचेत अडकून बाहेर आली. पुन्हा फिरवली, पुन्हा आली. उजव्या भावाचा घाम बंद झाला.

आबा कौतुकाने बघत होते. म्हणाले, "माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला."

मला मात्र उघडावे लागले. तात्यांनी फाटलेले सील काढून नवे बसवले, जुने काळे तेल ओतून ताजे भरले, आणि टवक्याच्या कडा अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. प्रत्येक गोष्ट ते सारजाला दाखवत होते, कारण तीच जवळ बसून बघत होती. "मऊ वल्लं फडकं, मंग कोरडं. आठवड्याला एकदा. बोट फिरवून बघायचं, कुठं खरखर लागती का. लागली तर लगी माझ्याकडं यायचं."

"म्हंजी मेंढराच्या खुरागत," आबा म्हणाले. "चिखल तसाच ठिवला का सडतंय."

"तसंच."

तात्या गेले. सारजाने माझ्याकडे पाहिले, मग गाडीच्या हँडलकडे, मग खाटेकडे.

"अवं," ती म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"गाडी."

दादासो इतका हसला की प्लास्टर हलले आणि तो कळवळून ओरडला. पण मानसिंगचा सोमवार आठवला आणि त्याचे हसू ओसरले.

शिकवणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. सारजा नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून गाडीवर बसली. दादासोची खाट चार माणसांनी उचलून अंगणात आणली होती. आबा काठी घेऊन पुढे उभे, वाटेतल्या कोंबड्या हाकायला.

"किलच सोड!" दादासो ओरडला.

"सोडला!"

"यवढा न्हाय! यवढा न्हाय!"

गाडीने उडी मारली. आबांनी त्याहून मोठी मारली. आम्ही थेट कडब्याच्या गंजीत घुसलो. मी खाली बसलो, तेलाने मला सावरले आणि मी हळूच वर आलो. बऱ्याच दिवसांनी मला माझे काम जमले होते.

गाव जमू लागले. बांधावर बसून माणसे बिड्या ओढत बघत. एकजण म्हणाला, "दादासो, बायकूच्या हातात गाडी दिलीस व्हय रं?"

दादासो खाटेवर ओशाळला. उत्तर आबांनी दिले. "माझी आई दोनशे मेंढरं घिऊन एकली घाट उतरायची. हिला तर दोनच चाकं हाकायची हायती."

चौथ्या दिवशी सारजा शेताच्या वाटेने ओढ्यापर्यंत जाऊन आली.

आता मध्येच एक फजिती झाली, तीही सांगतो. आबांना माझी काळजी वाटू लागली होती. पुन्हा खडा लागू नये म्हणून त्यांनी जुन्या घोंगडीचे दोन तुकडे कापले आणि दाभणाने शिवून आम्हा दोघा भावांच्या पायांना गच्च बांधले. गावात बोंब झाली की दादासोच्या गाडीला थंडी वाजते. सारजा गाडी घेऊन ओढ्यातून गेली. घोंगडी भिजली आणि दोन दिवस ओलीच राहिली. तिसऱ्या दिवशी सोडून पाहतात तर माझ्या नळीवर तांबूस ठिपके! आबा घाबरले. सारजाने आम्हाला तसेच लासुर्ण्याला नेले. तिचा तो पहिलाच डांबरी रस्ता. मागे आबा डोळे मिटून बसले होते.

म्हस्कूतात्यांनी चष्मा वर केला. "आबा, मेंढराचं पाणी लोकरीवरनं निथळतं. ह्ये लोखंड हाय. वल्ली घोंगडी ह्याला गुंडाळणं म्हंजी गंजाला आवतान."

"मंग उघडंच ठिवू का?"

"उघडं नगं. पर वारं लागाय पायजे, पाणी खाली निथळाय पायजे. आन् सोडून पुसाय आलं पायजे. झाकलं म्हंजी काम संपलं, आसं न्हाय."

तात्यांनी ते ठिपके पुसून काढले. नशिबाने अजून खोल गेले नव्हते. सारजा घरी आली आणि शिलाईचे सामान घेऊन बसली. जुन्या सीटचे रेक्झिन होते. त्याचे तिने चुण्या घातलेले दोन घोळदार बुरखे शिवले. वर नाडीने बांधायचे, खाली सैल, म्हणजे मी खालीवर सरकलो तरी चुण्या मिटतील आणि उघडतील. गावात दुसरी बोंब झाली की गाडीला परकर नेसवला. सारजाने तिकडे लक्ष दिले नाही. मला तर तो परकर फार आवडला. समोरून उडालेले खडे त्याच्यावर टपटप आपटून खाली पडत आणि मी आत सुरक्षित असे.

सोमवार उजाडला. कॅरिअरवर पेटी, पेटीत पंधरा ट्रे. मध्ये काठी घेऊन आबा आणि पुढे सारजा. दादासो खाटेवरून सूचना देत होता. "गेर टाकताना किलच! हारन दे! खड्डा आला तर..."

"खड्डा आला तर बघीन," सारजा म्हणाली आणि आम्ही निघालो.

ती हळू चालवी. खड्डा दिसला की वेग कमी करी. माझा भाऊ म्हणाला, "ही बाई आपल्याला ओळखते." कालव्याचा पूल आला. आम्ही दोघे भाऊ एकदमच खाली बसलो, एकदमच वर आलो. मागे एकही अंडे खुट्ट वाजले नाही.

पण हायवेच्या अलीकडे वळणावर रस्ताभर मेंढरे आली. दीडदोनशे तरी असतील. सारजाने दोन्ही ब्रेक दाबले. गाडीचे सारे वजन आमच्यावर आले. पूर्वी असा भार आला की मी तळाला आपटत असे. या वेळी आत तेल होते, सीलने ते धरून ठेवले होते. मी दबलो, दबलो आणि तळाच्या दोन बोटे वर थांबलो. गाडी उभी राहिली.

सारे निभावले असते, पण आबांना मेंढरे दिसली. किती वर्षांनी! त्यांचे भान हरपले. मेंढरांना बाजूला करावे म्हणून त्यांनी गाडीवरूनच आपली जुनी हाळी दिली, "हुर्रर्र... हाऽऽ!"

ती हाळी बोलावण्याची होती.

सगळी मेंढरे वळली आणि आमच्याकडे आली. गाडीभोवती लोकरीचा पूर लोटला. एका मेंढ्याला माझा परकर खटकला असावा. त्याने मागे सरून मला धडक दिली. मी हललो नाही. धनगर लांबून ओरडत धावत आला. "आवं म्हातारबा, काय चालवलंय!"

"चुकलं गड्या," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. एका कोकराच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, "हाकायची हाळी इसारलोच की मी."

धनगराने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि त्याचा राग गेला. त्याने स्वतः हाळी देऊन रस्ता मोकळा केला.

मानसिंग खानावळीच्या दारात उभा होता. मोटारसायकलवरून नऊवारीतली बाई उतरलेली पाहून त्याने आधी रस्त्याकडे पाहिले, दादासो मागून चालत येतो आहे का म्हणून. मग पेटी उतरवली. एक-एक अंडे काढून कानाशी हलवू लागला. सारजा पायरीवर उभी होती, पदराचे टोक मुठीत धरून. एक ट्रे झाला, दोन झाले. दहा झाले. एकही फुटलेले नाही. पंधराव्या ट्रेला मानसिंगच्या कपाळावर घाम आला. त्याने एक अंडे जरा जास्तच जोराने हलवले. ते त्याच्या हातातच फुटले आणि बलक कानात गेला.

"ह्ये रस्त्यात फुटल्यालं न्हाय बरं का, मानसिंगराव," सारजा अगदी मऊ आवाजात म्हणाली.

मानसिंग कान पुसत हसू लागला. "बाई, गुरवारी परत या. पंधराच ट्रे."

सारजा परत आली, तेव्हा अर्धे गाव अंगणात होते. दादासो खाटेवर उठून बसला होता. "बघा," तो सर्वांना सांगत होता, "खाटंवर पडून पडून मी बायकूला गाडी शिकिवली!"

पुढची वर्षे चांगली गेली. दादासोचा पाय बरा झाला. तो पुन्हा गाडी चालवू लागला, पण इंदापूरची फेरी सारजाचीच राहिली. दर शनिवारी ती आमचे परकर सोडी, ओल्या मऊ फडक्याने नळ्या पुसी, कोरड्या करी आणि बोट फिरवून बघी. काही दिवसांनी तिने शनिवारचे काम दादासोकडे दिले. सुरुवातीला तो कुरकुरला. मग बसू लागला, आणि एकदा तर त्याने स्वतःच्या धुतलेल्या उपरण्याने मला पुसले.

१९९८ साली सारजा आणि दादासो मला तेल बदलायला लासुर्ण्याला घेऊन गेले. गॅरेजात सात-आठ गिऱ्हाइके बाकावर बसली होती. म्हस्कूतात्यांनी मला उघडले आणि सील काढून हातावर घेतले. चष्मा वर केला, खाली केला. ओठ शाबूत होते.

"पाच वर्सं झाली ह्याला," ते म्हणाले. "आपल्या धुळीत सील दोन वर्सं टिकत न्हाय." त्यांनी ते बाकावरच्या माणसांत फिरवले. "आसं कुणी सांभाळलं?"

सगळ्यांनी दादासोकडे पाहिले. दादासोचा हात मिशीवर गेला. तोंड उघडले. आता तो काय सांगणार हे मला पाठ होते.

पण हात मिशीवरच थांबला. त्याने सारजाकडे पाहिले. ती भिंतीशी उभी राहून टायर बघत होती.

"हिनं," दादासो म्हणाला. "समदं हिनंच केलं. मी निस्तं पाणी मारत हुतो."

सारजाने पदर ओठांवर धरला. "काय तरीच. शनवारी तुमीच पुसता की."

"तू सांगिटल्यावर."

म्हस्कूतात्यांनी नवे सील काढण्यासाठी डबा उघडला, मग विचार बदलून जुनेच पुसले, त्याला तेलाचे बोट लावले आणि माझ्या सांध्यावर पुन्हा बसवले.

तर मित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल असेल तर उद्या सकाळी तिच्यापुढे जरा खाली वाका. माझ्या भावंडांच्या नळीवर चिखल वाळला आहे का पाहा. जोराचे पाणी मारू नका. मऊ फडक्याने पुसा, बोट फिरवून बघा, खरखर लागली तर वेळीच गॅरेजात न्या. बुरखा घातला असेल तरी तो सोडून आत पाहा. आणि हे काम तुमच्या घरात आधीपासूनच कोणी गुपचूप करत असेल, तर चारचौघांत त्याचे नाव घ्या. नाव घ्यायला पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. दादासोला मात्र त्यासाठी पाच वर्षे लागली.